डोळ्याचं प्रेशर आणि पाच कागदांची जाडी

मे महिन्यातली गोष्ट. अमळनेरकडच्या एका खेड्यातून आप्पा आणि काकू सकाळच्या एसटीने आमच्या दवाखान्यात आले. आप्पांच्या खिशात एका शिबिरातली चिठ्ठी होती. डोळ्याचं प्रेशर उजवा २५, डावा २४, आणि दोन्ही आकड्यांभोवती लाल पेनाने गोल. "काचबिंदू असू शकतो, दाखवून घ्या" एवढंच कुणीतरी म्हणालं होतं आणि पुढच्या माणसाला हाक मारली होती. तीन आठवडे आप्पांना धड झोप नव्हती. "माले तं समदं दिसस भाऊ, मंग हाई काय नवीन?" काकूंचं शिबिरातलं प्रेशर १४ आलं होतं. त्यामुळे त्यांना कुणी काहीच बोललं नव्हतं. त्या नुसत्या सोबतीला आल्या होत्या. आलाच आहात तर बसा, म्हणून मी त्यांनाही तपासणीच्या खुर्चीवर बसवलं.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. पेशंट डॉक्टरांसमोर जाण्याआधी चष्म्याचा नंबर, डोळ्याचं प्रेशर, बुबुळासमोरच्या पारदर्शक काचेची, म्हणजे कॉर्नियाची जाडी ही मोजमापं मी करतो. त्या दिवशी आमच्या मशीनवर आप्पांचं प्रेशर २१ आणि २० आलं, काकूंचं १४. मग दोघांच्या कॉर्नियाची जाडी मोजली. आप्पांची ६०१ मायक्रॉन, काकूंची ४७६. डॉक्टरांनी बाहुल्या मोठ्या करून दोघांच्या डोळ्यांच्या नसा पाहिल्या, कडेची नजर तपासणारी फील्ड टेस्ट करून घेतली. दोघांचंही सगळं निरोगी. तरी निघताना डॉक्टर आप्पांना म्हणाले, "घाबरू नका, वर्षाने या." आणि काकूंना दोनदा बजावलं, "तुम्ही मात्र दरवर्षी यायचं, चुकवायचं नाही."

आप्पा बाहेर येऊन माझ्यावरच चिडले. "चोवीसवालाले जा सांगतस, चौदावालीले ये सांगतस. हाऊ काय न्याय?"

प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं उत्तर त्यांना जे दिलं, तेच इथे जरा सविस्तर लिहितो आहे.

डोळा हा पाण्याने भरलेला चेंडू समजा. त्याच्या पुढच्या भागात एक स्वच्छ द्रव सतत तयार होत असतो, मिनिटाला साधारण दोन-अडीच मायक्रोलिटर, आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून तो तितकाच बाहेर झिरपत असतो. आवक आणि निचरा यांचा मेळ बसला की आत ठरावीक दाब राहतो आणि डोळ्याचा गोल आकार टिकतो. निचरा तुंबला की दाब चढतो. तो बराच काळ चढलेला राहिला तर मागची नस हळूहळू मरू लागते. हाच काचबिंदू. सुरुवातीला कडेची नजर जाते आणि समोरचं स्वच्छ दिसत राहतं. म्हणून "माले तं समदं दिसस" या वाक्याने मला कधीच धीर येत नाही. अर्थात दाब न चढताही काही जणांची नस खराब होते, आणि दाब थोडा जास्त असूनही अनेकांची नस आयुष्यभर ठणठणीत राहते.

आता हा दाब मोजायचा कसा? खरा दाब कळायचा तर डोळ्यात सुई घालून ती दाबमापकाला जोडायला हवी. तपासणीसाठी असं कोण करून घेईल? म्हणून आपण बाहेरून दाबून बघतो आणि आतला अंदाज बांधतो.

आप्पांच्या शेतात बागायती कापसाला ठिबक आहे. मी विचारलं, "आप्पा, शेवटच्या नळीला पाण्याचं प्रेशर पोचलं का नाही, कसं बघता?" त्यांनी हवेतच अंगठा आणि बोट चिमटीत धरून दाखवलं. वाकायचं, नळी दाबायची. कडक लागली तर पाणी जोरात आहे, पिचकली तर कुठेतरी गळती. मग म्हटलं, "एक नळी जाड प्लास्टिकची आणि शेजारची पातळ असली तर?" आप्पा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "जाड नयी रिकामी ऱ्हायनी तरी कडकच लागस."

बोटाला जे लागतं त्यात पाण्याचा जोर असतो आणि नळीच्या भिंतीचा ताठपणाही असतो. बोटाला दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. डोळ्याच्या मशीनचंही तसंच आहे.

डोळ्यात ही नळीची भिंत म्हणजे कॉर्निया. मराठीत त्याला पारपटल म्हणतात. बुबुळासमोरची ही पारदर्शक काच, नेत्रदानात दुसऱ्याला दिली जाते ती. ती कडेला साधारण पाऊण मिलिमीटर जाड असते, म्हणजे जवळपास एटीएम कार्डाइतकी. मध्यभागी ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. एक मिलिमीटर म्हणजे हजार मायक्रॉन. वहीचा कागद साधारण शंभर मायक्रॉनचा धरला, तर कॉर्नियाचा मध्य म्हणजे एकावर एक ठेवलेले पाच कागद. काकूंचे पाचाहून थोडे कमी, आप्पांचे सहा. एका कागदाच्या या फरकाने चिठ्ठीवरचा आकडा वरखाली होतो.

प्रेशर मोजायची जी पद्धत आजही प्रमाण मानली जाते, ती स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरातल्या हान्स गोल्डमन यांची, १९५० च्या दशकातली. डोळ्यात भूल देणारा थेंब टाकतात आणि पिवळा रंग लावतात. समोरून निळा प्रकाश पडतो आणि एक छोटा पारदर्शक शंकू अलगद येऊन कॉर्नियाला टेकतो. दुर्बिणीतून बघणाऱ्याला दोन हिरवी अर्धवर्तुळं दिसतात, एक वर, एक खाली. बाजूचं चाक फिरवत गेलं की ती एकमेकांकडे सरकतात. त्यांच्या आतल्या कडा भिडल्या की थांबायचं आणि चाकावरचा आकडा वाचायचा. नीट पाहिलं तर ती अर्धवर्तुळं पेशंटच्या नाडीच्या ठोक्याबरोबर बारीक थरथरताना दिसतात. इतकी वर्षं झाली, तरी ते दिसलं की मी अर्धा क्षण जास्त बघत राहतो.

यामागचं तत्त्व साधं आहे. फुग्याचा ठरावीक भाग सपाट करायला किती बळ लागतं, त्यावरून आतला दाब काढायचा. पण हा नियम तंतोतंत लागू व्हायचा तर फुग्याचा पडदा अगदी पातळ, कोरडा आणि पूर्ण लवचीक हवा. कॉर्निया यातला काहीच नाही. तो ताठ आहे, म्हणून शंकूला बाहेर ढकलतो आणि आकडा वाढवतो. त्याच्यावर अश्रूंचा ओलावा आहे, तो शंकूला आत ओढतो आणि आकडा कमी करतो. गोल्डमन यांनी असं शोधलं की ३.०६ मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ सपाट केलं, तर ही ढकल आणि ही ओढ एकमेकींना खाऊन टाकतात. शिवाय त्या मापाला एक ग्रॅम वजनाचं बळ म्हणजे बरोबर दहा मिलिमीटर पारा (प्रेशरचे सगळे आकडे याच मापात असतात) असा सोपा हिशेब बसतो. निरोगी डोळ्याचं प्रेशर १५ असेल, तर शंकू दीड ग्रॅमने टेकलेला असतो. आपल्या जळगावच्या सराफाकडे लहान मुलीच्या कानातली हलकी जोडी घ्याल, तेवढं वजन.

मात्र हा मेळ बसतो तो कॉर्निया अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असेल तरच. जाडी फार वेगळी असेल तर आकडा चुकेल याची कल्पना गोल्डमन यांना होती. फक्त असे डोळे विरळा असतील, असं त्यांनी धरलं होतं. त्या काळी जाडी पटकन मोजणारी साधनं दवाखान्यात नव्हती. पुढे ती आली आणि निरोगी माणसांतसुद्धा जाडी ४५० पासून ६०० च्या पुढेपर्यंत पसरलेली आहे हे दिसू लागलं.

मग चूक किती होते? १९७५ साली डेन्मार्कमधल्या नील्स एलर्स आणि सहकाऱ्यांनी ऑपरेशनसाठी आलेल्या २९ डोळ्यांत खरोखरच बारीक नळी घालून आतला दाब पाहिला आणि त्याच वेळी बाहेरून गोल्डमनच्या पद्धतीनेही मोजला. ५२० मायक्रॉन जाडीला दोन्ही आकडे जुळत होते. त्याहून दर १० मायक्रॉन जाड असेल तर बाहेरचा आकडा साधारण ०.७ ने जास्त यायचा, पातळ असेल तर तेवढाच कमी. हा फरक मोठा आहे. पुढे २००० साली डॉटी आणि झमान या दोघांनी जगभरातली मोजमापं एकत्र करून पाहिली. निरोगी डोळ्यांत जाडी दहा टक्क्यांनी बदलली की प्रेशर सरासरी एकच्या आसपास बदलतं, असं त्यांना आढळलं. म्हणजे दर १० मायक्रॉनला जेमतेम ०.२.

दोन्ही आकडे आप्पा-काकूंना लावून बघू. आप्पांचं मोजलेलं प्रेशर २१, जाडी ६०१. पहिल्या हिशेबाने खरा दाब १५ निघतो, दुसऱ्याने १९ च्या वर. काकूंचं १४, जाडी ४७६. पहिल्या हिशेबाने १७, दुसऱ्याने १५. डोळे तेच, मोजमाप तेच, आणि उत्तरं इतकी लांब. यामुळेच मोबाइलवर जाडी टाकून "खरं प्रेशर" काढून देणारे तक्ते मला पटत नाहीत. शेकडो लोकांच्या सरासरीचा नियम एकट्या माणसाच्या डोळ्याला लावला की तो फसतो. आमचे डॉक्टर जाडीचे तीनच कप्पे करतात, पातळ, मध्यम आणि जाड. प्रेशरचा आकडा त्या कप्प्यात ठेवून वाचतात आणि त्यात बेरीज-वजाबाकी करत नाहीत.

दुसरा आकडा इतका लहान का, याचं कारणही समजून घेण्यासारखं आहे. जाडी म्हणजे ताठपणा नव्हे. दोन नळ्या सारख्याच जाड असतात, पण एक वर्षानुवर्षं उन्हात पडून कडक झालेली असते आणि दुसरी नवी, मऊ. कॉर्नियातले तंतू कसे विणले आहेत, त्यात पाणी किती आहे, माणसाचं वय काय, मधुमेह आहे का, यावर त्याचा ताठपणा ठरतो. वय वाढलं की तो ताठ होत जातो. उलट सूज येऊन कॉर्निया पाण्याने फुगला तर तो जाड दिसतो पण मऊ पडतो, आणि गोल्डमनच्या शंकूवर आकडा उलटा कमी येतो. नुसती जाडी बघून निर्णय घेणारा इथे हमखास चुकेल.

हा ताठपणा आणि मऊपणा मोजण्यासाठी २००५ च्या सुमारास एक वेगळं मशीन आलं. त्यातून हवेची फुंकर येते, कॉर्निया आत दबतो आणि परत वर येतो. जाताना तो एका दाबाला सपाट होतो आणि येताना त्याहून कमी दाबाला. या दोन दाबांतल्या फरकाला हिस्टेरेसिस म्हणतात. कापसाच्या गादीवर मूठ दाबून सोडा. गादी सावकाश वर येते, दिलेला जोर थोडा पोटात ठेवते. रबरी चेंडू मात्र लगेच उसळतो. निरोगी प्रौढ माणसात हा फरक साधारण दहाच्या आसपास असतो. ज्यांचा तो कमी असतो, त्यांच्यात काचबिंदू झाला तर वेगाने वाढण्याची शक्यता जास्त दिसते. तालुक्याच्या दवाखान्यांत हे मशीन सहसा नसतं. जाडी मोजायचं यंत्र मात्र आता बऱ्याच ठिकाणी आहे, आणि काम मिनिटाभराचं आहे.

कॉर्नियाच्या बाकाचाही थोडा वाटा असतो. तो जास्त फुगीर असेल तर सपाट करताना जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणून आकडा किंचित वाढतो. पण त्यासाठी बाक तीन नंबरने वेगळा असावा लागतो, तेव्हा कुठे एकचा फरक पडतो. तिरपा (सिलिंडर) नंबर तीनच्या वर असेल तर आम्ही शंकू लाल खुणेपर्यंत फिरवून मोजतो. पेशंटने याची काळजी करू नये.

आता नॉर्मल प्रेशरची वरची हद्द म्हणून सांगितल्या जाणाऱ्या २१ या आकड्याबद्दल. चिठ्ठीवर २२ दिसलं की घरात रडारड होते, म्हणून तो कुठून आला हे सांगायला हवं. १९५८ साली जर्मनीत सुमारे दहा हजार निरोगी लोकांची प्रेशर मोजली गेली. सरासरी साडेपंधराच्या आसपास निघाली. तिच्याभोवती बहुतेक लोक ज्या पट्ट्यात बसतात, त्याची वरची कड वीस-एकवीसजवळ आली. २१ ही रेघ गणितातून आलेली आहे. ती ओलांडली की नस खराब होतेच आणि तिच्या आत असलं की वाचलो, असा निसर्गाचा करार नाही. शिवाय ती मोजमापं आपल्या लोकांची नव्हती.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. २००६ ते २००८ या काळात नागपूरजवळच्या ग्रामीण भागात तीस वर्षांवरच्या साडेचार हजारांहून अधिक लोकांचे डोळे तपासले गेले. त्यांच्या कॉर्नियाची सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन निघाली. युरोपीय वंशाच्या लोकांची सरासरी साधारण ५४० च्या घरात असते. आपल्या शेतकऱ्याला नागपूरकडचं खेडं बर्नपेक्षा जवळचं आहे. आपल्याकडे पातळ कॉर्निया हा अपवाद मानून चालणार नाही. म्हणजेच जो डोळा १४ किंवा १६ दाखवतो, त्यात खरा दाब थोडा जास्त असू शकतो, आणि चिठ्ठीवर लाल गोल नसल्यामुळे त्या माणसाला कुणी परत बोलावत नाही. काकूंसारखी माणसं अशीच निसटतात.

अमेरिकेत १६३६ लोकांवर एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००२ साली आले. प्रेशर वाढलेलं पण नस निरोगी, अशा लोकांना वर्षानुवर्षं तपासलं गेलं. ज्यांची जाडी ५५५ किंवा त्याहून कमी होती, त्यांना काचबिंदू होण्याचा धोका ५८८ च्या वरच्यांपेक्षा सुमारे तिप्पट निघाला. तो अभ्यास प्रेशर वाढलेल्यांचा होता, त्यामुळे काकूंना तो जसाच्या तसा लागू होत नाही. पण तेव्हापासून जाडी विचारल्याशिवाय प्रेशरबद्दल बोलायचं नाही, ही शिस्त डॉक्टरांना लागली.

आप्पांचा शिबिरातला २५ आमच्याकडे २१ कसा झाला, हे राहिलंच. शिबिरात हवेची फुंकर मारणारं मशीन असतं. ते डोळ्याला टेकत नाही, थेंब लागत नाही, रांग पटकन सरकते. पण फुंकर काही हजारांश सेकंदांची असते. नाडीच्या नेमक्या कुठल्या क्षणी ती लागली, त्यावर आकडा हलतो, म्हणून तीन वेळा मोजून सरासरी घ्यायची असते. जाड कॉर्निया तिला जास्तच चकवतो. त्यात माणूस दचकून डोळे घट्ट मिटायला जातो आणि श्वास रोखतो. या दोन्हींनी प्रेशर खरोखरच चढतं. चाळणी म्हणून हे मशीन चांगलं आहे. लाल गोल काढण्याआधी मात्र "दुसऱ्या मशीनवर परत मोजून घ्या" हे एक वाक्य बोललं असतं, तर आप्पांच्या तीन आठवड्यांच्या रात्री वाचल्या असत्या.

आणखी काही गोष्टी खुर्चीवर बसण्याआधीच ठरतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो. लोक एसटीतून उतरतात आणि लिटरभर पाण्याची बाटली एका दमात रिकामी करतात. एकदम एवढं पाणी प्यायलं की अर्धा-पाऊण तास डोळ्याचं प्रेशरही थोडं वर चढतं. म्हणून मी आधी विचारतो, पाणी कधी प्यायलात? नुकतंच असेल तर थोडा वेळ बसवतो. शर्टाचं गळ्याचं बटण उघडायला सांगतो, मानेला घट्ट गुंडाळलेला रुमाल सोडायला सांगतो. सकाळी आणि दुपारी प्रेशर वेगळं असतं. झोपेतून उठल्यावर कॉर्नियाही तीन-चार टक्के फुगलेला असतो. चिठ्ठीवर आकड्याशेजारी वेळ लिहिलेली असावी, हा माझा आग्रह आहे.

चष्म्याचा नंबर लेसरने काढलेल्या तरुणांना हे विशेष सांगायचं आहे. पोलीस भरतीसाठी, लष्करासाठी, लग्नासाठी आपल्याकडची मुलं नाशिक-पुण्याला जाऊन लेसर करून येतात. पाच नंबर काढताना कॉर्नियातून साधारण ६० ते ८० मायक्रॉन खरवडले जातात. डोळ्यातला दाब तेवढाच राहतो, पण यापुढे बहुतेक मशीन तो कमी दाखवणार. वीस वर्षांनी तपासणाऱ्याला लेसर झालंय हे वरवर बघून कळेलच असं नाही. लेसरच्या आधीचं प्रेशर आणि जाडी लिहिलेला कागद जपून ठेवा आणि दर वेळी आपणहून सांगा.

खरोखर वाढलेला दाब वेगळा. डोळा लाल झाला की मेडिकलमधून आणलेला स्टेरॉइडचा ड्रॉप महिनोन् महिने टाकत राहणारी माणसं मला दर आठवड्याला भेटतात. त्याने काहींचा दाब चढतो आणि नस जाते. गेलेली नजर मग कुठलंही ऑपरेशन परत आणत नाही. हात जोडून सांगतो, हे करू नका.

निघताना काकूंनी विचारलं, "मग दरवर्षी जाडी पण मोजायची?" नाही. मोठ्या माणसाची जाडी एकदा नीट मोजली की पुरते. मध्ये डोळ्याचं ऑपरेशन झालं किंवा कॉर्नियाचा आजार झाला तरच परत. दरवर्षी बघायचं ते प्रेशर आणि नस. मी दोघांच्या फाइलच्या पुठ्ठ्यावर मार्करने जाडी लिहिली, खाली मशीनचं नाव आणि वेळ, सकाळी साडेअकरा. आप्पांनी शिबिरातली चिठ्ठी फाडायला काढली. म्हटलं, राहू द्या, तीही फाइलमध्येच लावू. त्यांनी ती माझ्याकडे दिली, दोन्ही फाइल सातबाऱ्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत सरकवल्या आणि काकूंना म्हणाले, पुढल्या साली कापूस लागला की येऊ, आधी तुझी तपासणी.